नांगर विकणारे लेख

२०१०च्या पावसाळ्यात मी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात बसून अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या नळदुरुस्तीवर लेख पाडत होतो. 'पाडत' हा शब्द मुद्दाम वापरतोय. बाहेर अंधेरीचा सबवे पाण्याने भरलेला, गुडघाभर पाण्यातून ऑफिसला आलेलो, पँट अजून ओली; आणि मी वाळवंटातल्या लोकांना सांगतोय की मोरी तुंबली तर घाबरून जाऊ नका. दिवसाला दहा लेख, प्रत्येकी पाचशे शब्द. विषय ठरलेला आणि त्यातला एकच शब्दप्रयोग किती वेळा आला पाहिजे, तेही ठरलेलं.

खरी करामत पुढे होती. लिहून झालेला लेख एका सॉफ्टवेअरमध्ये घालायचा आणि प्रत्येक वाक्यात महिरपी कंस टाकून पर्यायी शब्द द्यायचे. 'स्वस्त'ला तीन पर्याय, 'उत्तम'ला चार. बटण दाबलं की एका लेखाचे शंभर लेख. ते ईझिनआर्टिकल्ससारख्या लेखांच्या गोदामांत नेऊन टाकायचे आणि प्रत्येकाच्या तळाशी लेखकाचा परिचय म्हणून गिऱ्हाइकाच्या संकेतस्थळाची लिंक चिकटवायची. गूगल प्रत्येक लिंक म्हणजे एक शिफारस असं धरायचं. शिफारशी वाढल्या की ते संकेतस्थळ वर चढायचं. या सगळ्या व्यवहारात वाचक नावाचा प्राणी कुठेच नव्हता. आमचे लेख एक यंत्र लिहायचं आणि दुसरं यंत्र वाचायचं. मधे मी बसलो होतो, महिना पगारावर.

फेब्रुवारी २०११मध्ये गूगलने 'पांडा' सोडला. हे नाव अस्वलावरून आलेलं नाही. ते नवनीत पांडा या गूगलच्या अभियंत्याचं आडनाव. पोकळ, उचललेले, एकाचे शंभर केलेले लेख ओळखून खाली ढकलणारी ती गणिती रचना होती. अमेरिकेतल्या शोधांपैकी जवळजवळ १२ टक्के शोधांचे निकाल बदलले, असं गूगलनेच तेव्हा जाहीर केलं. लेखांची गोदामं काही आठवड्यांत ओस पडली. आमच्या गाळ्याला त्या दिवाळीआधी कुलूप लागलं आणि शेवटचा पगार राहिला तो राहिलाच.

लेख लिहून गिऱ्हाईक आणायची कल्पनाच त्या कुलपाआड गेली, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण ती कल्पना किती जुनी आहे आणि किती मराठी आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला. आज वाटतं, नांगर चांगला होता, खपला असेल. तो खपत नव्हता. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा पक्का समज होता. किर्लोस्करांची स्पर्धा दुसऱ्या कारखान्याशी नव्हतीच. ती होती गावच्या सुताराशी, बलुत्यावर लाकडी नांगर करून देणाऱ्या ओळखीच्या माणसाशी. अशा स्पर्धेत 'आमचा नांगर उत्तम' अशी पाटी लावून काय होणार? १९१०मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२०मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर. शिक्षणाने चित्रकार आणि कारखान्याच्या जाहिरातीचं काम पाहणारे. कारखान्याचं पत्रक म्हणून जन्मलेलं हे मासिक हळूहळू उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा, कथा असं सगळं घेऊन घराघरांत शिरलं. १९२९मध्ये नावातली 'खबर' गळली, 'किर्लोस्कर' राहिलं. १९३०मध्ये 'स्त्री' आणि १९३४मध्ये 'मनोहर' ही भावंडं आली. नांगराच्या जाहिरातखात्यातून मराठीतली तीन महत्त्वाची मासिकं निघाली, ही गोष्ट आपण वाङ्मयाच्या इतिहासात वाचतो. ती धंद्याच्या इतिहासातही शिकवायला हवी. गंमत म्हणजे अमेरिकेत जॉन डिअर या कंपनीने 'द फरो' हे शेतकऱ्यांसाठीचं नियतकालिक १८९५ साली काढलं होतं. तीही नांगरवालीच कंपनी. 'फरो' म्हणजे नांगराचं तास.

पुढे १९७३मध्ये जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढलं. तारीख पुढच्या बाजूला, पण पान उलटून मागचा लेख आणि पाककृती वाचणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. वीणा पाटील वर्षानुवर्षं मराठी वृत्तपत्रांतून पर्यटनावर साप्ताहिक लेख लिहीत आल्या. २०१३मध्ये त्यांनी वीणा वर्ल्ड सुरू केली तेव्हा कंपनी नवी होती, पण लिहिणारी बाई वाचकांच्या ओळखीची होती. जाहिरातीचं पान विकत घेता येतं. अशी ओळख मिळवायला बरीच वर्षं लिहावं लागतं.

आता उपनगरांकडे येऊ. बोरिवली स्टेशनबाहेर नजर वर करून पाहा. एकेका इमारतीवर क्लासवाले, दंतवैद्य, वकील, टूरवाले, इंटिरियरवाले यांच्या पाट्यांवर पाट्या. तीच गर्दी इंटरनेटवर आहे. १९९६मध्ये सुरू झालेल्या आणि मालाडला मुख्यालय असलेल्या जस्टडायलने फोनवरून पत्ते सांगत ही गर्दी एका यादीत आणली. यादीत वर दिसायचं तर पैसे मोजायचे, हेही लोकांना तिथेच कळलं. ज्याच्याकडे पैसे कमी त्याने काय करायचं? आणि ज्याला जाहिरात करायलाच बंदी आहे, त्याने?

बंदी खरीच आहे. वकिलांना बार कौन्सिलच्या नियम ३६नुसार जाहिरात करून अशील मिळवता येत नाहीत. २००८च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी मोजकीच माहिती द्यायला मुभा मिळाली. जुलै २०२४मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची दुकानदारी करणाऱ्या ऑनलाइन याद्यांविरुद्ध कारवाई करायला सांगितलं. सनदी लेखापाल आणि डॉक्टर यांच्यावरही अशीच बंधनं आहेत. उरते ती एक वाट: लोकांना उपयोगी पडेल असं लिहिणं. अर्थात त्यातही स्वतःची टिमकी वाजवली तर ती जाहिरातच.

हल्ली मी अशा व्यावसायिकांना लेख लिहायला मदत करतो. बोरिवलीतले एक वकील माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावर 'मुंबईतील नामांकित व अनुभवी वकील' असं ठळक लिहिलं होतं. नियमाच्या दृष्टीने धोक्याचं आणि धंद्याच्या दृष्टीने निरुपयोगी, कारण असे नामांकित मुंबईत हजारो. मी त्यांना विचारलं, "साहेब, तुमच्याकडे आलेला माणूस खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य काय बोलतो?"

ते हसले. म्हणाले, "आमचा बिल्डर सापडत नाही."

लेखाचं शीर्षक मिळालं. 'बिल्डर सापडत नाही. सोसायटीच्या नावावर जमीन कशी होणार?' पहिल्याच परिच्छेदात उत्तर: सोसायटीची नोंदणी झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन नावावर करून द्यायची असते, त्याने केली नाही तर १९६३च्या मोफा कायद्याच्या कलम ११खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे सगळे ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात त्याचा, अर्ज करता येतो. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नाही म्हणून अडून बसू नका. २०१८च्या शासन निर्णयाने तिथे स्वयंघोषणापत्राची सोय केली आहे. मग कागदपत्रं, मग अर्जाचा क्रम, मग लोक कुठे अडकतात ते. जमीन नावावर झाल्यावर पुनर्विकासाचा विषय निघतोच, म्हणून सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अखालच्या ४ जुलै २०१९च्या निर्देशांवर दुसरा लेख.

वकील एका जागी अडले. वकिलाशिवाय सोसायटी स्वतः अर्ज कसा करू शकते, हेही लिहा, असं मी म्हणत होतो. "सगळंच सांगितलं तर माझ्याकडे येणार कोण?" प्रश्न रास्त होता. पण ज्याला स्वतः करता येतं तो एरवीही आला नसता. वाचून ज्याच्या लक्षात येतं की आपल्याला हे झेपणार नाही, तो येतो, आणि निम्मं काम समजून घेऊन येतो.

पहिले सहा महिने कोणी आलं नाही. हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो आणि कोणाचाही विश्वास बसत नाही. मग एका रविवारी दहिसरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आले. बँकेतून निवृत्त. हातात त्या लेखाची छापील प्रत, लाल पेनने खुणा केलेली. बसायच्या आधीच म्हणाले, "तुमच्या यादीत एक कागद राहिलाय." राहिला होता! वकिलांनी तो त्याच संध्याकाळी यादीत घातला.

कोणते शब्द टंकून लोक आपल्याकडे पोचले, हे गूगलच्या सर्च कन्सोल या फुकट साधनात दिसतं. वकिलांची ती यादी मी अधूनमधून नुसती करमणूक म्हणूनही वाचतो. 'डीम कन्व्हेन्स', 'बिल्डर वारला तर जमीन कोणाची', 'पुनर्विकासाला किती टक्के लागतात'. बरेचसे रोमन लिपीत टंकलेले मराठी. लोक असंच विचारतात. मोठ्या कंपन्या सुबक शब्दांसाठी एकमेकींशी भांडत असतात. या वाकड्यातिकड्या प्रश्नांकडे कोणी फिरकत नाही. २०१६ साली भारतीय भाषांत इंटरनेट वापरणारे २३ कोटी ४० लाख आणि इंग्रजीत वापरणारे १७ कोटी ५० लाख होते, असा केपीएमजी आणि गूगल यांचा अहवाल सांगतो. तरी उपनगरातला मराठी व्यावसायिक संकेतस्थळ इंग्रजीतच काढतो. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

घाटकोपरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंना 'मधुमेहात काय खावे' यावर लिहायचं होतं. तो शब्दप्रयोग औषधं विकणाऱ्या बड्या कंपन्यांनी केव्हाच व्यापलाय. फार्मईझी तर घाटकोपरच्याच मुलांनी काढलेली. बाईंनी लिहिलं, 'मधुमेह आहे आणि चातुर्मासाचे उपवास सोडायचे नाहीत'. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, हे पहिल्या ओळीत. तेवढी एक ओळ सासूबाईंना दाखवायला म्हणून किती सुनांनी तो लेख पुढे पाठवला असेल!

मुलुंडच्या फराळवाल्या काकूंचं उदाहरण मला सगळ्यांत जास्त आवडतं. परदेशी फराळ पाठवणारे मुलुंड-ठाण्यात गल्लोगल्ली आहेत आणि चकली सगळ्यांचीच खुसखुशीत. काकूंनी चकलीवर लिहिलंच नाही. त्यांनी अमेरिकेच्या नियमांवर लिहिलं: घरी केलेला फराळ घरच्या माणसाने भेट म्हणून पाठवला तर अन्नखात्याला पूर्वसूचना लागत नाही, विकतचा असेल तर नियमाप्रमाणे लागते. २०२५च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी रद्द केली, आपल्या टपालखात्यानेही अमेरिकेची पार्सलं काही काळ थांबवली आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर सगळे गोंधळले. काकूंनी त्याच रात्री मुलाला बसवून लेख दुरुस्त केला. वर तारीख, खाली बदल. लेख लोणच्यासारखा घालून ठेवता येत नाही. नियम बदलला की तो नासतो.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून एका दुपारात शंभर लेख करून घेणारे भेटतात. मला आमचा गाळा आठवतो. मार्च २०२४मध्ये गूगलने घाऊक लेखनाविरुद्ध नियम कडक केले. लेख माणसाने लिहिला की यंत्राने, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, वाचकाला काही न देता निव्वळ क्रमांकासाठी ढीग घातला की कारवाई. त्याच वर्षी ऑगस्टपासून भारतातही शोधाच्या वरच यंत्राने तयार केलेलं उत्तर दिसू लागलं. त्यामुळे साधी माहिती विचारणारा माणूस आता तुमच्या पानापर्यंत येईलच असं नाही, आणि हे नुकसान खरं आहे. जो अजून येतो तो अनुभवासाठी येतो. गूगलने परीक्षकांसाठीच्या आपल्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२मध्ये 'अनुभव' हा निकष वेगळा जोडला, तो उगाच नव्हे. दहिसरच्या सेक्रेटरींनी दाखवलेला तो राहिलेला कागद कुठल्याही यंत्राच्या उत्तरात नव्हता.

तुमचं दुकान, दवाखाना, क्लास काहीही असो, या दिवाळीत गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. येणारं गिऱ्हाईक पहिला प्रश्न काय विचारतं, तो त्याच्याच शब्दांत लिहा. शुद्धलेखन सुधारू नका. भाऊबीजेपर्यंत पंचवीसेक तरी जमतील. त्यातला जो प्रश्न तुम्हाला अगदी किरकोळ वाटेल, त्यावर पहिला लेख लिहा.