गोड पेयें व शेतकऱ्याचें आरोग्य

चैत्र-वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं तहान लागते, आणि तहान लागली कीं हात पाण्याच्या तांब्याकडे जावा, हें स्वाभाविक होय. परंतु रंगीत पेयांच्या थंडगार बाटल्या बाजाराच्या गांवाबरोबरच लहानसहान खेड्यांतील किराणा दुकानांतहि मिळूं लागल्यापासून तो हात तिकडे वळूं लागला आहे. पाहुणा आला कीं बाटली, खुरपणीच्या बाया दमल्या कीं बाटली, मुलानें हट्ट धरला कीं बाटली, असा प्रघात पडत चालला आहे. या पेयांचा शरीरावर काय परिणाम होतो आणि त्यांच्या ऐवजीं काय प्यावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

साखरेचें माप

कोणतेंहि खत घालण्यापूर्वीं जाणता शेतकरी त्याची मात्रा विचारतो. युरिया पिकास उपयुक्त खरा, पण तो मापाबाहेर पडला तर पीक माजतें व लोळतें. साखरेचेंहि तसेंच आहे. बाजारांत मिळणाऱ्या बहुतेक फसफसणाऱ्या गोड पेयांच्या १०० मिलिलिटरांत सुमारें १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरांच्या लहान बाटलींत ३० ते ३३ ग्रॅम साखर झाली. चहाचा एक सपाट चमचा साखर सुमारें ४ ग्रॅम भरते. तेव्हां एका बाटलीबरोबर आठ चमचे साखर पोटांत जाते. पाण्याच्या पेल्यांत कोणी आठ चमचे साखर ढवळून दिली, तर आपण तो पेला परत करूं. परंतु थंडपणा व आंबटपणा यांच्या योगानें तो गोडवा जिभेस कळत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सुचविलें कीं, वरून घातलेली साखर, मध, पाक व फळांचे रस यांतून मिळणारी साखर दिवसाच्या एकंदर उष्मांकांच्या शेंकडा १० हून कमी असावी, आणि शेंकडा ५ हून कमी ठेवल्यास अधिक चांगलें. दोन हजार उष्मांकांचा आहार धरला तर हें प्रमाण अनुक्रमें ५० व २५ ग्रॅम होतें. म्हणजे एका लहान बाटलीनेंच दुसरी मर्यादा ओलांडली जाते, आणि ६०० मिलिलिटरांच्या बाटलीनें पहिलीहि ओलांडली जाते. बाटलीवरील कोष्टकांत हें प्रमाण बहुधा दर १०० मिलिलिटरांस दिलेलें असतें. तें बाटलीच्या मापाशीं गुणून पाहण्याची संवय घरांतील शिकलेल्या मुलांस अवश्य लावावी.

शरीरांत काय घडतें

ज्वारीच्या भाकरींतहि पिष्ट असतें व त्याचीहि शेवटीं साखरच होते. मग भेद कोठें? भाकरी चावावी लागते, तिच्यांत कोंडा असतो, आणि तिची साखर ठिबकाच्या पाण्याप्रमाणें हळूहळू रक्तांत उतरते. गोड पेयाची साखर फुटलेल्या पाटासारखी एकदम येते. तिला आवरण्यासाठीं स्वादुपिंडास इन्सुलिन मोठ्या प्रमाणावर सोडावें लागतें. शिवाय साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज या द्रव्याचा असून त्याचा बहुतेक भार यकृतावर पडतो, व तें अतिरिक्त झाल्यास त्याची चरबी होते. पेयांतील साखरेनें पोट भरल्याची जाणीव फारशी होत नसल्यामुळें मनुष्य जेवण कमी करीत नाहीं, आणि अशा रीतीनें वजन वाढतें.

तीन लाखांहून अधिक लोकांवरील निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून २०१० सालीं असें दिसून आलें कीं, दररोज एक-दोन गोड पेयें घेणारांस मधुमेह होण्याचा संभव तीं क्वचित् घेणारांपेक्षां शेंकडा २६ नें अधिक असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशांत सुमारें १० कोटि लोकांस मधुमेह असून, आणखी सुमारें साडेतेरा कोटि त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याचा सर्व दोष पेयांच्या माथीं मारणें न्याय्य होणार नाहीं. आनुवंशिकता, बैठें जीवन व एकंदर आहार हींहि कारणें आहेत. परंतु नांगरामागें चालणारा जमीनमालक आतां ट्रॅक्टर व मोटारसायकल वापरतो. श्रम कमी झाले व साखर वाढली, हा हिशेब तोट्याचाच होय.

दांतांचेंहि असेंच आहे. हीं पेयें बरींच आम्ल असतात, त्यामुळें दांतांवरील कठीण कवच झिजतें. आणि साखरेवर वाढणारे जंतु त्यास पोखरतात.

आपल्या घरचें गोड

येथें कोणी म्हणेल, “आम्हीं ऊंस पिकवावा आणि साखरेची निंदा ऐकावी काय?” निंदा साखरेची नव्हे, तिच्या मापाची आहे. न्याय सारखाच लावावयाचा तर उंसाच्या रसांतहि शंभर भागांत साधारणतः १३ ते १५ भाग साखर असते, म्हणजे तो बाटलींतील पेयापेक्षां कमी गोड नाहीं. संक्रांतीच्या सुमारास गुऱ्हाळावर एक पेला रस घेणें हा आनंद आहे; रोजची तहान त्यावर भागविणें योग्य नाहीं. गुळांतहि बहुतांश साखरच असते. तेव्हां मधुमेह्यानें ‘गूळ चालतो’ या समजुतीवर विसंबूं नये.

सर्वांत दुर्लक्षित गोड पेय म्हणजे चहा होय. दिवसांतून सहा वेळां, दर वेळीं दोन चमचे साखरेचा चहा घेतल्यास ४८ ग्रॅम साखर होते. ही संवय एकदम सुटत नाहीं. दर पंधरवड्यास अर्धा चमचा कमी करीत जावें. जीभ हळूहळू वळण घेते. साखरेऐवजीं कृत्रिम गोडी घालण्याचा मार्गहि वजन उतरविण्यासाठीं वापरूं नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं दिला आहे.

उन्हांतील मजुरांसाठीं

मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा व एल साल्वादोर या देशांत उंसतोडीच्या मजुरांमध्यें मूत्रपिंडाचा एक चिवट विकार मोठ्या प्रमाणावर आढळला. मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुणांसहि तो जडतो. त्याच्या कारणांविषयीं तज्ज्ञांचें पूर्ण एकमत नसलें, तरी उन्हांतील अतिश्रम व शरीरांतील पाणी आटणें यांस प्रमुख स्थान दिलें जातें. तेथील कांहीं मळ्यांवर पाणी, विश्रांति व सावली या तिहींची व्यवस्था केल्यावर मूत्रपिंडास होणारी इजा कमी झाली. अमेरिकेंत १२ निरोगी माणसांवर झालेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, उष्ण हवेंत श्रम करतांना पाण्याऐवजीं गोड पेय दिलें असतां मूत्रपिंडावरील ताणाचीं चिन्हें वाढलेलीं दिसलीं. प्रयोग लहान आहे, त्यावरून मोठा निष्कर्ष काढूं नये. पण सावधगिरीस तो पुरेसा आहे.

आपल्याकडेहि ऊंसतोडीच्या टोळ्या फडांत राबतात. त्यांस दुपारीं एखादी बाटली देऊन औदार्य केल्याचें समाधान मानण्यापेक्षां फडाच्या कडेस सावलींत स्वच्छ पाण्याचा माठ भरून ठेवणें व तहान लागण्याची वाट न पाहतां थोडथोडें पाणी पिण्यास सांगणें, हें जमीनमालकाचें खरें कर्तव्य आहे.

काय प्यावें

पहिला मान पाण्याचा. त्यानंतर पातळ ताक, जिऱ्याची पूड व चिमूटभर मीठ घालून. बिनसाखरेचें किंवा नांवापुरती साखर घातलेलें लिंबाचें वा आमसुलाचें पाणी. आणि रात्रीं ताकांत भिजविलेल्या ज्वारीच्या किंवा नाचणीच्या पिठाची आंबील. शहाळ्याचें पाणीहि चांगलें. त्यांत साखर बाटलींतील पेयाहून पुष्कळच कमी असते. मात्र रक्तदाब असणारांनीं मीठ बेतानें घ्यावें, आणि मूत्रपिंडाचा विकार असणारांनीं शहाळें वैद्यास विचारूनच घ्यावें.

साखर औषध होते असा एक प्रसंग आहे, तो अतिसाराचा. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकीची सांथ आली असतां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व ग्लुकोज यांचें मोजलेलें पाणी पाजून असंख्य प्राण वांचविले. साखर योग्य प्रमाणांत असेल तर ती मिठास व पाण्यास आंतड्यांतून आंत ओढते. फार झाली तर उलट पाणी बाहेर खेंचते. म्हणून हगवणींत मुलास बाटलींतील गोड पेय देऊं नये. दवाखान्यांतील क्षारसंजीवनीची पुडी सांगितलेल्या मापाच्या पाण्यांत मिसळून द्यावी. ती नसल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें.

पिकास कोणतें पाणी द्यावें याची आपण जितकी चौकशी करतों, तितकी स्वतःच्या व लेंकरांच्या पोटांत काय जातें याची करूं लागलों, तर पुष्कळ रोग बांधावरच थांबतील. आरंभ सोपा आहे: पुढील पाहुण्यापुढें बाटली न ठेवतां ताकाचा पेला ठेवावा.