दात काढण्यापासून इम्प्लांटपर्यंत

दात काढणे ही दंतवैद्यकातली सर्वांत नेहमीची शस्त्रक्रिया. किडीने दाताचा वरचा भाग खाऊन टाकला, हिरडीच्या आजाराने दात हलू लागला किंवा मुळाशी पू झाला, की तिची वेळ येते. दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासात श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आणि खासगी दवाखाने अशा दोन्हीकडे खानवेल-मांदोनीच्या पाड्यांवरची माणसे येतात, तशी मसाट-नरोलीच्या कारखान्यांत पाळीने काम करणारीही. रूट कॅनलसाठी पुन्हा पुन्हा खाडा परवडत नाही, म्हणून वाचू शकणारी दाढही अनेकदा काढून घेतली जाते.

हत्यार हातात घेण्याआधी विचारपूस होते: मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण. या भागात आणखी एक प्रश्न टाळता येत नाही, तो सिकल सेलचा. वारली, कोकणा, धोडिया समाजांत हा रक्तदोष आढळतो. अशा रुग्णाला जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे किंवा थंडी यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून फिजिशियनचा सल्ला आधी, दाढ नंतर.

भुलीसाठी बहुधा 2 टक्के लिग्नोकेन वापरतात. त्यात मिसळलेले ॲड्रेनलिन रक्तवाहिन्या आकसवते. त्यामुळे भूल जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी जाते. वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असल्याने दाताशेजारी दिलेले इंजेक्शन पुरते. खालच्या दाढांसाठी मात्र जबड्याच्या मागच्या भागात, नस हाडात शिरते तिथे औषध सोडावे लागते. त्या बाजूचा अर्धा ओठ बधिर झाला, की भूल लागली. पू भरलेल्या जागी भूल नीट लागत नाही.

दात निघतो तो ओढून नव्हे, सैल करून. एलिव्हेटर नावाच्या हत्याराने हिरडी आणि दाताला धरून ठेवणारे तंतू सोडवतात. मग फोर्सेप, म्हणजे दात धरायचा चिमटा, मुळाकडे दाबून दात गालाकडे आणि आतल्या बाजूला हळूहळू हलवतात, तसे भोवतालचे हाड थोडे पसरते. वरच्या दाढेला बहुधा तीन मुळे असतात, दोन गालाकडे आणि एक टाळूकडे. त्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूचे फोर्सेप वेगळे असतात. रुग्णाला दाब कळतो, करकर ऐकू येते, पण दुखत नाही.

दात निघाल्यावर गॉझचा बोळा अर्धा-पाऊण तास चावून धरायचा असतो. खड्ड्यात जमणारी रक्ताची गुठळी हेच पुढच्या भरण्याचे मूळ. म्हणून 24 तास चूळ नाही, थुंकणे नाही, बिडी-तंबाखू-ताडी नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. गुठळी निघून गेली, तर दोन ते चार दिवसांनी हाड उघडे पडून कानापर्यंत ठणका लागतो. याला ड्राय सॉकेट म्हणतात. धूम्रपान करणाऱ्यांत तो जास्त दिसतो.

अक्कलदाढ साधारण 17 ते 25 या वयात येते. जागा अपुरी असली, की ती आडवी होऊन हिरडीखाली किंवा हाडात अडकते. एक्स-रेमध्ये तिची मुळे खालच्या नसेच्या किती जवळ आहेत ते पाहतात, कारण नस दुखावली तर ओठ बधिर राहू शकतो. हिरडीला छेद देऊन ती बाजूला करतात, सलाइनची धार सोडत बरने, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या टोकाने, हाड कोरतात, दाढेचे तुकडे करून ते एकेक काढतात आणि टाके घालतात. रेशमी टाके साधारण आठवड्याने निघतात. गाल सुजतो, तोंड कमी उघडते. काही दिवसांत ते ओसरते.

पू साठला असेल तर छेद देऊन तो वाहू देतात. रूट कॅनलनंतरही मुळाच्या टोकाशी आजार राहिला, तर ते टोक कापतात. हिरडी उघडून मुळांवरचा साठा काढणे म्हणजे फ्लॅप सर्जरी. इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू जबड्यात बसवतात. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये तो पहिल्यांदा रुग्णाला बसवला. हाड 47 अंश सेल्सिअसला मिनिटभर तापले तरी इजा पोहोचते, म्हणून इथेही ड्रिल सावकाश आणि सलाइनच्या धारेखालीच चालते. दात बसवण्याआधी हाडाने स्क्रू घट्ट धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात.

शेवटची, छोटी पण महत्त्वाची शस्त्रक्रिया म्हणजे बायोप्सी. सुपारी-गुटख्याने गालाची आतली त्वचा ताठ होते, तोंड उघडेनासे होते आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर दुखत नसला तरी दाखवून तुकडा तपासून घ्यावा.