दुखत नाही, म्हणूनच पाहायला हवं

श्रावणी शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादच्या भद्रा मारुतीला भाविक मोठ्या संख्येने पायी जातात. अंतर सुमारे 25 किलोमीटर, आणि काही जण अनवाणी असतात. निरोगी तळपायात काटा रुतला तर माणूस जागीच थांबतो. मधुमेहाने बधिर झालेला पाय तोच काटा घेऊन देवळापर्यंत चालत जातो. यात श्रद्धेला दोष देण्याचं कारण नाही. घातक आहे ती ‘दुखत नाही, म्हणजे काही झालेलं नाही’ ही समजूत. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर आहे. मधुमेही माणसाच्या पायाला आयुष्यात कधीतरी व्रण होण्याची शक्यता 19 ते 34 टक्के मानली जाते, आणि पुढे बोट किंवा पाय कापावा लागलाच तर बहुतेक वेळा त्याची सुरुवात अशा व्रणानेच झालेली असते. हा व्रण वर कातडीवर दिसतो. पण तो का झाला आणि भरेल का, हे मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि रुग्णाचं मन मिळून ठरवतात.

मज्जातंतूंचा धडा कुष्ठरोगाने फार आधी दिला होता. या रोगात बोटं झडतात, असं आजही कित्येकांना वाटतं. 1946 साली वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की, संवेदना गेल्यामुळे हातपाय नकळत भाजतात, कापतात, एकाच जागी दाब सोसत राहतात आणि या न जाणवलेल्या इजांनी बोटं आखूड होत जातात. मधुमेहात हेच घडतं. चपलेतला खडा, घट्ट बुटाचा दाब, वैशाखात देवळापुढची तापलेली फरशी, यांतलं काहीच मेंदूला कळत नाही. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी तर झोपेत उंदराने पाय कुरतडल्याच्या घटनांकडेही लक्ष वेधलं आहे.

पाय गरम लागतो म्हणजे रक्तपुरवठा उत्तम, ही दुसरी फसगत. स्वायत्त मज्जातंतू बिघडले की घाम आटतो, टाचा भेगाळतात, रक्त कातडीतल्या आडवाटेने वाहू लागतं आणि पाय हाताला उबदार लागतो. त्या उबेवरून मोठ्या धमन्यांचा अंदाज बांधता येत नाही. एकच पाय सुजून लाल आणि गरम झाला, पण दुखणं फारसं नाही, तर ती शार्को पायाची सुरुवात असू शकते; त्यात आतली हाडं कमकुवत होऊन मोडतात. अशा पायावर भार देणं लगेच थांबवावं लागतं. ‘मुरगळला असेल’ म्हणून मालिश करत बसण्यात मोलाचे दिवस जातात. रक्तवाहिनी अरुंद झाली की एरवी चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबलं की बरं वाटतं. बधिर पायात हा इशाराही पुसट होतो. तपासणीत घोट्याचा रक्तदाब दंडाच्या दाबाशी ताडतात. गुणोत्तर 0.90 किंवा त्याखाली आलं तर अडथळा धरतात. मात्र मधुमेहात कॅल्शियम साचून धमन्या कडक होतात आणि आकडा उगाच चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजणं अधिक भरवशाचं.

तळपायांची आग झाली की घरोघरी ‘उष्णता’ म्हणतात आणि काशाची वाटी काढतात. तिने बरं वाटतं, हे खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पण आग मज्जातंतूंच्या बिघाडाची असेल तर वाटीने मूळ दुखणं हटत नाही, आणि भेगाळलेल्या, बधिर कातडीवर घासणं धोक्याचं. गरम पाण्यात पाय बुडवणं त्याहून वाईट. बी-12 च्या इंजेक्शनांचंही तसंच: मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत आणि शाकाहारी लोकांत ही कमतरता आढळते, तेव्हा रक्त तपासून ती भरून काढावी. कमतरता नसताना टोचत राहून पाय सुधारत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: सगळं सांगूनही रुग्ण ऐकत नाहीत, बेफिकीर असतात. 2003 साली अमेरिकेत व्रण असलेल्या रुग्णांच्या पायावरचा भार कमी करणारा, काढता येणारा बूट खरोखर किती वापरला जातो, हे यंत्राने मोजलं गेलं. दिवसाच्या हालचालींपैकी जेमतेम 28 टक्के हालचाल तो घालून झाली होती. मला यात बेफिकिरी दिसत नाही. जे दुखत नाही त्याची आठवण शरीर करून देत नाही. त्यात नैराश्य असेल तर रोज पाय धुऊन पाहण्याइतकंही बळ उरत नाही. 2010 च्या एका अमेरिकी अभ्यासात तीव्र नैराश्य असलेल्या मधुमेहींमध्ये पायाला व्रण होण्याचा धोका दुप्पट आढळला. शिवाय मनाचा ताण थेट जखमेपर्यंत पोहोचतो: 1995 साली ओहायोतल्या एका अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या त्वचेवरची छोटी, सारख्या मापाची जखम भरायला इतरांपेक्षा 24 टक्के जास्त वेळ लागला. स्किझोफ्रेनियाच्या काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. स्मृतिभ्रंशात दुखणं सांगताच येत नाही. अशा माणसाला ‘काळजी घ्या’ म्हणून घरी पाठवणं म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडणं होय. पायाच्या तपासणीतच झोप, भूक, उमेद यांची चौकशी व्हावी आणि घरच्या कोणाला तरी पाय पाहायला शिकवावं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांकही तिथेच हाती द्यावा.

खर्चाचा आक्षेप मात्र टिकत नाही. पायाची संवेदना तपासणारा, 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा स्वस्त आहे. तोही नसेल तर इंग्लंडमधल्या इप्सविचची चाचणी घरी होते. रुग्णाने डोळे मिटायचे आणि दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट व करंगळी बोटाच्या टोकाने एक-दोन सेकंद अलगद शिवायची, दाबायचं नाही. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही पायांतले मोजे काढून पाय दाखवावेत, जखम असो वा नसो.