एकाच कड्याचे दोन वास

पिकलेल्या पीचची ओळख पटवणारा वास प्रामुख्याने एका रेणूचा असतो. त्याचं नाव गॅमा-डेकालॅक्टोन. चार कार्बन आणि एक ऑक्सिजन मिळून झालेलं पाच कोपऱ्यांचं कडं आणि त्याला लोंबणारी सहा कार्बनची शेपटी, अशी त्याची रचना. आता अमेरिकी बर्बन व्हिस्कीची बाटली उघडा. व्हॅनिलाच्या मागोमाग खोबऱ्याकडे झुकणारा एक गोडसर वास येतो. तो ओकच्या लाकडातून उतरलेल्या ‘व्हिस्की लॅक्टोन’चा. त्याचं कडंही तेच. फक्त शेपटी चार कार्बनची आणि कड्यावर एक मिथाइल गट जास्तीचा. एवढ्याशा फरकाने नाकाला एकदा पीच जाणवतो, एकदा खोबरं.

व्हिस्कीत फळ घालणं म्हणजे चांगल्या दारूची नासाडी, असं ठामपणे सांगणारे रसिक पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. फळ आणि पिंप यांचं रसायन इतकं जवळचं आहे की नीट जुळवलं तर दोघांचेही वास खुलतात. बिघडतं ते जुळवण्यात. बहुतेकदा फळ शिजवलं जातं, आंबट-गोडाचं माप अंदाजाने घेतलं जातं आणि बर्फाकडे कुणी लक्षच देत नाही.

बर्बन निवडण्याचं कारण त्याच्या कायद्यात आहे. अमेरिकेच्या नियमानुसार बर्बनच्या धान्यात किमान 51 टक्के मका लागतो आणि ती व्हिस्की आतून जाळलेल्या, कोऱ्या ओक पिंपातच मुरवावी लागते. पिंप कोरं असल्याने लाकडातली लॅक्टोनं भरपूर उतरतात. उष्णतेने लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिलिन तयार होतं आणि हेमिसेल्युलोजमधल्या शर्करा करपून कॅरॅमलसारखे वास देतात. स्कॉच बहुधा आधी वापरलेल्या पिंपांत मुरते, त्यामुळे तिच्यात हा लाकडाचा गोडवा कमी. आणि पीटच्या धुराची स्कॉच असेल तर तिच्यापुढे फळाचं काही चालत नाही. अमेरिकेत पीच आणि दारूची सोबत जुनी आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्ननच्या भट्टीत राय व्हिस्कीबरोबर थोडी पीच ब्रँडीही निघत असे.

आपण जे करणार आहोत ते व्हिस्की सावरचं फळाकडे झुकणारं रूप. सावर ही जुनी जात. 1862 साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या जेरी थॉमसच्या बारटेंडर-मार्गदर्शकात सावर या प्रकाराच्या कृती आहेत. मद्य, लिंबू, साखर, एवढाच तिचा सांगाडा. आजचे अनुभवी बारटेंडर तयार पेयात आम्ल साधारण पाऊण ते एक टक्का आणि साखर पाच ते नऊ टक्के ठेवतात. लिंबाच्या रसात सुमारे सहा टक्के सायट्रिक आम्ल असतं. म्हणजे 25 मिली रसातून दीड ग्रॅम आम्ल मिळतं, आणि एका पेयाला ते पुरतं. आपलं कागदी लिंबू चालतं. रस मात्र आयत्या वेळी काढलेला हवा.

पीचचं काम आदल्या रात्री करायचं. मे ते जुलैत हिमाचल-उत्तराखंडचे पीच आपल्याकडच्या बाजारात येतात. हात लावताच किंचित दबणारे, वासाने भरलेले निवडा. कडक पीच रंगाने कितीही लाल असला तरी त्यात लॅक्टोनं फारशी तयार झालेली नसतात. पाव किलो फोडी सालीसकट घ्या, कारण सालीजवळ वास जास्त असतो. त्यांवर 125 ग्रॅम साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून झाकण लावा आणि भांडं फ्रीजमध्ये ठेवा. साखरेमुळे फोडीबाहेरच्या द्रवाची तीव्रता वाढते, परासरणाने पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि त्याच्याबरोबर वासही येतो. सकाळी फोडी आक्रसलेल्या आणि भांड्याच्या तळाशी गुलाबी-केशरी पाक जमलेला दिसेल. लिंबाचं काम इथे रंग राखण्याचं. कापलेल्या फळातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ हे विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फोडी तपकिरी करतं, आणि आम्लात ते मंदावतं.

हा पाक गॅसवर ठेवायचा मोह टाळा. फळ शिजताना स्वयंपाकघर घमघमतं, पण तो घमघमाट म्हणजे पेल्यात यायला हवे होते तेच रेणू हवेत गेलेले असतात. शिजवलेल्या पीचला जॅमची चव येते. ती वाईट नसते, पण ताज्या फळाची नसते. पीचची बीही फोडून पाकात टाकू नका. तिच्या गरात अ‍ॅमिग्डॅलिन असतं आणि ते तुटलं की हायड्रोजन सायनाइड सुटतं.

आता माप. बर्बन एक लार्ज, म्हणजे 60 मिली. लिंबाचा रस 25 मिली, गाळलेला पीचचा पाक 30 मिली, अंड्याचा पांढरा भाग साधारण 20 मिली. पाकातल्या दोन फोडीही शेकरमध्येच लाकडी दांड्याने चेचून घ्या.

अंड्याचा पांढरा भाग म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी आणि दहा टक्के प्रथिनं. जोरात हलवलं की ही प्रथिनं हवेच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर उलगडतात आणि एकमेकांना धरून बुडबुड्याभोवती पातळ पडदा विणतात. लिंबाच्या आम्लाने हा पडदा बळकट होतो. म्हणून आधी बर्फाशिवाय अर्धा मिनिट हलवायचं. थंड द्रवात फेस उशिरा धरतो. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतूंचा धोका असतो, आणि पेयातलं अल्कोहोल व लिंबू ते खात्रीने मारतील असं नाही. त्यामुळे गर्भवती, वृद्ध किंवा आजारी माणूस घरात असेल त्या स्वयंपाकघरात मी अंड्याऐवजी काबुली चणे उकडल्यावर उरणारं दाटसर पाणी सुचवेन. पुरणाची डाळ शिजवल्यावर निघणाऱ्या कटाचंच ते भावंड. त्यातली प्रथिनं आणि सॅपोनिनं छान फेस धरतात. 2014 साली फ्रान्समध्ये जोएल रोसेल या गायकाने या पाण्याचा अंड्यासारखा फेस करून दाखवला आणि तिथून ते जगभरच्या शाकाहारी स्वयंपाकघरांत पोचलं.

मग बर्फ. पेय थंड करण्यापलीकडे त्यात पाणी मिसळण्याचं कामही बर्फच करतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना 334 ज्यूल उष्णता शोषतो. आपलं 135 मिली मिश्रण 30 अंशांवर असेल आणि ते उणे 4 अंशांपर्यंत न्यायचं असेल, तर त्यातून साडेसोळा हजार ज्यूलच्या आसपास उष्णता काढावी लागेल. त्यासाठी जवळजवळ 50 ग्रॅम बर्फ वितळतो. शून्यावरचा बर्फ पेयाला शून्याखाली कसा नेतो, असा प्रश्न इथे पडायला हवा. अल्कोहोल आणि साखरेमुळे द्रवाचा गोठणबिंदू खाली सरकलेला असतो, त्यामुळे बर्फ वितळतच राहतो आणि वितळायला लागणारी उष्णता पेयातूनच घेतो. साधारण बारा ते पंधरा सेकंद जोरात हलवलं की समतोल साधतो. त्यापुढे हलवून फारसं काही हाती लागत नाही. बाटली, पाक आणि लिंबू आधीच फ्रीजमधले असतील तर बर्फ कमी वितळेल आणि पेय तिखट लागेल. अशा वेळी दोन चमचे पाणी वरून घाला. त्याने काही बिघडत नाही. 2017 साली स्वीडनच्या लिनिअस विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपाने दाखवलं की तीव्र मिश्रणात व्हिस्कीतला ग्वायाकोल हा वासाचा रेणू अल्कोहोलने वेढलेला राहतो, आणि पाणी वाढलं की द्रवाच्या पृष्ठभागाकडे, म्हणजे नाकाजवळ येतो.

चव घेऊन साखर ठरवायची असेल तर ती बर्फात हलवल्यावरच ठरवा. गोड चव जाणवून देणाऱ्या जिभेच्या पेशींतली टीआरपीएम5 ही वाहिनी थंडीत मंदावते, त्यामुळे कोमट असताना अति गोड वाटलेलं मिश्रण थंडगार झाल्यावर बरोबर लागतं. हाच गोडवा एक गोष्ट झाकतोही. या पेल्यात सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आहे आणि फळ-साखर-लिंबाच्या पडद्याआड ते जिभेला कळत नाही. म्हणून दुसरा पेला सरबतासारखा पटकन जातो. महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची अट 25 वर्षांची आहे आणि बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो, हेही लक्षात असू द्या.

पीचचा हंगाम आपल्याकडे तोकडा असतो, आणि त्याच्या आधी येतो आपला हापूस. इथे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं, म्हणजे एनसीएलमधलं संशोधन फार मोलाचं आहे. हापूसच्या वासाचा तिथे वर्षानुवर्षं अभ्यास झाला. कच्च्या फळात ओसिमीनसारख्या टर्पीनांचं राज्य असतं आणि लॅक्टोनं व फ्युरॅनोनं फळ पिकताना तयार होतात, असं त्या अभ्यासात दिसलं. म्हणजे हापूसच्या पिकलेपणातही लॅक्टोनांचाच हात आहे. शिवाय त्यातल्या फ्युरॅनिऑलचा वास करपलेल्या साखरेचा, बर्बनच्या जळक्या पिंपातल्या कॅरॅमलशी थेट जुळणारा. माझ्या मते हापूस बर्बनला पीचइतकाच शोभतो, थोडा अधिकच.

माप मात्र बदलावं लागतं. पिकलेल्या हापूसमध्ये आम्ल फार कमी असतं, म्हणून लिंबाचा रस 30 मिली करा. गर 30 मिली, बारीक गाळणीतून काढलेला, आणि साखरेचा साधा पाक 10 मिली. डबाबंद रस टिकवण्यासाठी तापवलेला असतो, त्यामुळे ताजा आंबाच घ्या. हंगाम सरत आला असेल तर गर काढून लगेच फ्रीझरमध्ये टाका. आंबा आधी तासभर पाण्यात ठेवा आणि देठाकडचा भाग कापून टाका. चिकात टर्पीनं भरलेली असतात आणि ती लॅक्टोनांवर चढतात. फळ निवडताना देठाशी नाक न्या. गोड वास भरून आला तर तो आंबा आजच वापरा. कैरीचा उग्रपणा जाणवला तर अढीत आणखी दोन दिवस राहू द्या.