नोकरी सांभाळून संगणकविद्या

विरार पूर्वेचे चंदनसार हे एके काळचे गाव. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा ते तिच्या हद्दीत सामावले, आणि आता पालिकेची एक प्रभाग समिती त्याच्याच नावाने ओळखली जाते. येथून रोज पहाटे जो जनसमूह रिक्षाने वा पायी विरार स्थानक गाठतो, त्यात चर्चगेटपर्यंतचा साठ किलोमीटरांचा पल्ला मारणारे कारकून आणि परिचारिका आहेत, अंधेरी-दादरच्या दुकानांतले विक्रेते आहेत, वसईला उतरून वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांत पाळीने राबणारे कामगार आहेत; आणि शाळा-महाविद्यालय सुटून वर्षे लोटल्यावरही संगणकाची एखादी परीक्षा द्यावयाची असा संकल्प यांच्यापैकी पुष्कळांनी मनाशी केलेला असतो. फी भरली त्या दिवशी मन प्रफुल्लित असते, नवी वही येते, वेळापत्रक भिंतीवर लागते. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कचेरीत काम वाढते, घरी कोणी आजारी पडते, दोन दिवस गाड्या उशिरा धावतात, आणि तुटलेला धागा पुन्हा हाती घ्यावयाचा तर मनच उभारी धरीत नाही. अशा वेळी माणूस दोष देतो तो आपल्या बुद्धीला, नाही तर वयाला. माझ्या मते बहुतेक वेळा दोष असतो तो तजविजीचा. उत्साह आधी यावा आणि मग अभ्यासास बसावे, ही आपली समजूतच उलटी आहे. हातून काही पुरे झाले की त्यातून उत्साह उपजतो, आणि म्हणून ज्याला तो टिकवावयाचा असेल त्याने रोज काही तरी, कितीही लहान असो, पुरे होईल अशी व्यवस्था करावी.

प्रथम या परीक्षांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपण कोणत्या वाटेवर आहोत आणि ती किती लांबीची आहे हे न पाहताच पुष्कळजण निघतात. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही संस्था २००१ साली स्थापन झाली. तिची एमएस-सीआयटी ही परीक्षा गावोगावच्या अध्ययन केंद्रांमधून एक कोटीहून अधिक लोकांपर्यंत पोहोचली आहे, आणि राज्य शासनाच्या सेवेत नेमणूक झालेल्यास संगणकज्ञानाचा जो दाखला ठरावीक मुदतीत हजर करावा लागतो त्यासाठी ती ग्राह्य धरली जाते. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाचे प्रमाणपत्र लागते. याहून खोल पाण्यात उतरणाऱ्यासाठी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९९० साली डोएक योजना काढली. ती चालविणाऱ्या संस्थेचे नाव २०११ पासून नाइलिट झाले, आणि तिच्या ओ-लेव्हल परीक्षेत आज संकेतस्थळाची रचना व पायथन भाषेतील आज्ञावली हे विषय आहेत. ज्यांना पदवीच घ्यावयाची आहे त्यांच्यासाठी १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. याखेरीज २०१७ साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या व्यवस्थेतून देशातील नामवंत संस्थांचे वर्ग घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. तेव्हा विद्येचे दार बंद आहे अशी तक्रार करण्यास आता फारशी जागा उरलेली नाही; प्रश्न आहे तो दाराच्या आत गेल्यावर टिकून राहण्याचा.

आणि टिकून राहणे किती कठीण आहे, याची साक्ष जगातील मोठ्यात मोठ्या विद्यापीठांनी दिली आहे. हार्वर्ड विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था यांच्या खुल्या अभ्यासक्रमांची अनेक वर्षांची नोंद तपासून जस्टिन राइश व होसे रुइपेरेस-व्हालियेंते या संशोधकांनी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्या सर्वांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे होते अवघे ३.१३ टक्के. ज्यांनी पदरचे पैसे भरून प्रमाणपत्राची नोंदणी केली होती त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के निघाले. पैसा गुंतला म्हणजे मन काही अंशी गुंतते, हे यावरून दिसतेच. परंतु पैसा भरूनही निम्म्याहून अधिक लोक मध्येच थांबले, हेही त्याच आकड्यात आहे. चंदनसारच्या ज्या तरुणाला आपणच एकटे दुबळे आहोत असे वाटते, त्याने हे आकडे जरूर पाहावेत.

प्रमाणपत्राची आस धरणे हीन आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. दोन खोल्यांचे हप्ते फेडणाऱ्या, मुलांच्या शाळेची फी भरणाऱ्या माणसाने बढतीसाठी वा चांगल्या नोकरीसाठी दाखला मिळवावा, यात त्याची जबाबदारीची जाणीव आहे आणि ती आदरास पात्र आहे. पण दाखल्याचा विचार मनुष्याला दारापर्यंत आणून सोडतो. मधल्या लांबलचक, नीरस वाटणाऱ्या महिन्यांत तो पुरा पडत नाही. एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घनाकृती तुकडे जुळविण्याची कोडी दिली होती. ज्यांना ती सोडविण्याबद्दल मध्यंतरी पैसे देण्यात आले, त्यांचे पैसे बंद होताच मोकळ्या वेळात कोड्यांशी रमणे आधीपेक्षा कमी झाले. बाहेरचा लाभ आतल्या गोडीची जागा घेऊ लागला की लाभ दूर गेल्याबरोबर हात थबकतात. म्हणून दाखला हवा असणाऱ्यानेही त्या विषयात स्वतःला आवडणारी एखादी जागा शोधून ठेवावी.

अशी जागा शोधून तीतच आयुष्य घालविलेला एक पुरुष याच आपल्या जिल्ह्यातील मातीत जन्मला. विरारहून उत्तरेस, जेथे २०१३ पासून उपनगरी गाड्या जाऊ लागल्या आहेत, त्या डहाणूस १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि पुढील पदव्युत्तर शिक्षण न घेता १९३० पासून १९६२ साली सेवानिवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीस त्यांनी शाळामास्तरकी केली. त्यांच्यापाशी ना संशोधनाची गादी होती, ना शिष्यवृत्ती, ना वरिष्ठांचा हुकूम; दिवसभर मुलांना शिकवून उरलेला वेळ ते अंकांना देत. त्यांनी अभ्यासिलेल्या एका संख्यासमूहाला ‘डेमलो संख्या’ हे नाव पडले ते आगगाडीच्या एका स्थानकावरून, कारण त्या स्थानकावर असताना त्यांना ती कल्पना सुचली. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. लोकल गाडीची वाट पाहण्यात गेलेला वेळ फुकट गेला असे मानणाऱ्या आपल्या पिढीने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९४६ साली त्यांच्या हाती आलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. चार अंकांची कोणतीही संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. ते अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडून जी संख्या होते तीतून उलट मांडणीची संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतले तर ५४३२ मधून २३४५ वजा जाऊन ३०८७ येतात; मग ८७३० मधून ०३७८ वजा केले की ८३५२; आणि ८५३२ मधून २३५८ वजा करताच ६१७४, ज्यावर तीच क्रिया केली असता पुन्हा ६१७४ च हाती येतात. अधिकात अधिक सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथे येऊन थांबते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. तोवर मास्तरांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती, आणि मान्यता येवो न येवो, त्यांचे काम चालूच होते.

ओ-लेव्हलच्या पायथनचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला मी हेच सुचवीन की पुस्तकातले साचेबंद उदाहरण बाजूस ठेवून त्याने कापरेकरांची ही क्रिया यंत्राकडून करवून घ्यावी. अवघ्या दहा-बारा ओळींची ती आज्ञावली आहे. पण तीत संख्येचे अंक सुटे करणे, त्यांचा क्रम लावणे, एकच क्रिया पुनःपुन्हा करणे आणि योग्य ठिकाणी थांबणे, ही प्रारंभीच्या अभ्यासक्रमातील सारी महत्त्वाची अंगे येऊन जातात. रात्री साडेदहाला बसलेल्या मनुष्याच्या पडद्यावर अकराच्या सुमारास ६१७४ उमटले म्हणजे त्याला जे समाधान लाभते, ते कोणत्याही स्फूर्तिपर व्याख्यानाने लाभत नाही. संगणकविद्येचा हा एक मोठा गुण आहे की तीत केलेल्या कामाचा निकाल महिन्यांनी लागत नाही, तत्क्षणी लागतो.

मात्र याच गुणाची दुसरी बाजू नवशिक्याला छळते. इतिहासाच्या पेपरात दहापैकी सहा मुद्दे लिहिले तर सहांचे गुण मिळतात. आज्ञावलीत एक विरामचिन्ह राहिले तर यंत्र काहीच करीत नाही, उलट लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर पुढे टाकते, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला तो मजकूर म्हणजे आपल्या नालायकीवर मारलेला शिक्का वाटतो. वस्तुतः तो सूचनेचा कागद असतो. चूक कोणत्या प्रकारची आहे आणि कोणत्या ओळीच्या आसपास आहे, हे त्यात बहुधा लिहिलेले असते. अनुभवी आज्ञावलीकारांनाही हा मजकूर रोज वाचावा लागतो. तेव्हा एक स्वतंत्र वही करावी, तीत आलेली चूक, तिचे कारण आणि ती कशी सुटली हे मराठीत तारीखवार उतरावे. दोन महिन्यांनी ती वही चाळली असता आपण किती पुढे आलो याची जी खातरजमा होते, ती परीक्षेच्या गुणांनीही होत नाही. इंग्रजीचा अडसर वाटणाऱ्यांसाठी पवईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमात मराठीतूनही पाठ तयार केले आहेत. आपल्या भाषेत प्रथम समजून घ्यावे आणि मग इंग्रजी संज्ञा पाठ कराव्या, यात कमीपणा नाही. समजल्यावाचून पाठ केलेले दुसऱ्या आठवड्यात निसटते आणि निसटले की उमेद खचते.

आता वेळेचा प्रश्न. सकाळच्या विरार लोकलमध्ये जेथे हात वर नेणेही मुश्किल, तेथे लॅपटॉप उघडणे दूरच राहिले. पण तेथे एक काम करता येते आणि ते अभ्यासाच्या दृष्टीने वाचनाहून सरस आहे. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले की मजकूर पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे असतात. परंतु एका आठवड्यानंतर पाहिले तर ज्यांनी वाचन कमी करून आठविण्याचा सराव केला होता ते पुढे गेलेले असतात. रात्री वाचलेले सकाळी नालासोपारा ते बोरिवलीच्या दरम्यान डोळे मिटून आठवावे, जे आठवले नाही त्याची मनात नोंद घ्यावी, आणि परतल्यावर प्रथम तेवढेच पाहावे. यासाठी ना आसन लागते, ना पुस्तक.

रात्रीच्या बैठकीचे ठिकाण व घटका मात्र आधी मुक्रर करून ठेवावी. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचे संशोधन असे सांगते की ‘मी अभ्यास करीन’ या मोघम निश्चयापेक्षा ‘जेवणाची भांडी उचलली की खिडकीशी बसून अर्धा तास’ असा प्रसंगाशी बांधलेला निश्चय अधिक पार पडतो. आणि ही सवय अंगवळणी पडण्यास किती अवधी लागतो? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींचा अभ्यास केला. मध्यम मुदत निघाली ६६ दिवसांची, पण कोणाला १८ दिवस पुरतील असे दिसले तर कोणाला २५४ लागतील असा अदमास निघाला. त्याच अभ्यासात असेही आढळले की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यास म्हणण्याजोगा अडथळा येत नाही. ज्याचे घर गाठणे पावसाळ्यात रुळांवर साचणाऱ्या पाण्याच्या मर्जीवर आहे, त्याला या एका वाक्याचा फार आधार वाटावा. खंड पडला म्हणून सोमवारची वा पहिल्या तारखेची वाट पाहू नये. दुसऱ्याच रात्री बसावे.

घरातील माणसांची संमती हा विषय आपण अभ्यासाच्या चर्चेत सहसा आणीत नाही, आणि त्याचा जाच विशेषतः स्त्रियांना होतो. नोकरीवरून येऊन स्वयंपाक, मुले, पाण्याची वेळ हे सारे सांभाळणाऱ्या गृहिणीला ‘मनोबल वाढव’ असा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. तिला हवा असतो तो चाळीस मिनिटांचा अबाधित वेळ, आणि तो देणे हे नवऱ्याचे, सासूचे, मोठ्या मुलांचे काम आहे. मुलांचा गृहपाठ आणि आईचा सराव एकाच वेळी, एकाच चटईवर होऊ लागला तर दोघांचेही भले होते, आणि घरालाही कळते की हा छंद नव्हे, हे काम आहे. इमारतीतील वा आळीतील आणखी दोघीजणी त्याच परीक्षेस बसणार असतील तर रविवारी तासभर एकत्र यावे आणि एकीने दुसरीला शिकवावे. शिकवू पाहताना आपले अज्ञान जितके लख्ख दिसते तितके एकांतात कधी दिसत नाही.

थोडे घ्यावे पण पुरे करावे, हे धोरण परीक्षेचा अर्ज भरतानाही ठेवता येते. ओ-लेव्हलचे सारे विषय एकाच बैठकीत दिले पाहिजेत असा दंडक नाही. नोंदणीची मुदत असेपर्यंत एकेक विषय देता येतो, उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो, आणि राहिलेल्यासाठी पुढच्या फेरीत पुन्हा बसता येते. ज्याचा दिवस पहाटेच्या गाडीने सुरू होतो त्याने पहिल्या फेरीस एकच विषय निवडावा, तोही आपल्याला सर्वांत जवळचा वाटणारा, आणि तो पदरात पडल्यावर पुढच्या फेरीच्या अर्जावर दुसऱ्याचे नाव लिहावे.