‘हू’ की ‘विच’, एवढंच शिकवून भागत नाही

मराठी शाळांत इंग्रजीचा एक सराव ठरलेला असतो: दोन वाक्यं जोडून एक करा. ‘धिस इज द हाउस. आय वॉज बॉर्न इन इट.’ सोबत नियम असतो, माणसासाठी ‘हू’ आणि वस्तूसाठी ‘विच’. नियम खरा आहे, पण मूल अडखळतं ते दुसरीकडेच. त्याला ‘इट’ पुसायचा असतो आणि ‘इन’ मात्र जपायचा असतो. मग तो ‘विच’च्या आधी नेला काय किंवा वाक्याच्या शेवटी ठेवला काय, दोन्ही चालतं. मराठीत ‘ज्या घरात माझा जन्म झाला, ते हे घर’ असं म्हणताना ‘त’ हा प्रत्यय घराला चिकटून आपोआप येतो. ‘माझा जन्म झालेलं घर’ म्हटलं तर तो नाहीसाच होतो, आणि तरी अर्थ अडत नाही. म्हणून ‘द हाउस विच आय वॉज बॉर्न’ लिहिणाऱ्या मुलाला काही सुटल्यासारखं वाटत नाही. ‘द मॅन हू केम यस्टरडे, ही इज माय अंकल’ यातला जादा ‘ही’ तर सरळ ‘जो-तो’ या जोडीतला ‘तो’ आहे. माझं म्हणणं असं, की सर्वनामाची निवड नंतर शिकवावी. आधी कोणता शब्द गळतो आणि कोणता राहतो, ते मराठी वाक्य शेजारी ठेवून दाखवावं.

यावर शिक्षक म्हणतील, वर्गात मराठी आणली की मुलं भाषांतरच करत बसतात. पण वरच्या दोन्ही चुका मराठीतूनच आल्या आहेत. तिला दाराबाहेर ठेवल्याने त्या थांबलेल्या नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशा चुका वह्यांत फारशा दिसतच नाहीत. भाषा-अभ्यासक जॅकलिन शॅक्टर यांनी 1974 साली याच भरवशाला धक्का दिला. अशा इंग्रजी वाक्यांत चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या चुका फारसी-अरबी भाषकांपेक्षा कमी निघाल्या, पण ती वाक्यं त्यांनी लिहिलीच फार थोडी होती. जिथे भीती वाटते तिथे माणूस दोन छोटी वाक्यं लिहून मोकळा होतो, आणि तपासणाऱ्याला वही स्वच्छ दिसते. त्यामुळे लाल खुणा मोजून काही कळत नाही. मुलाने अशी वाक्यं किती वेळा लिहून पाहिली, ते बघायला हवं.

स्वल्पविरामाकडे तर वर्गात फारसं कुणी वळत नाही. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन पुणे’ म्हटलं की भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यांतला पुण्याचा निवडला आहे, असं सहसा समजतात. स्वल्पविरामांत घातलेलं ‘हू लिव्ज इन पुणे’ ही नुसती जादा माहिती ठरते. ‘पुण्यात राहणारा माझा भाऊ’ यातून दोन्ही अर्थ निघतात, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला आपसूक जाणवत नाही. उलट ‘दॅट’ आणि ‘विच’ यांच्या वाटणीवर नको इतका वेळ जातो. फाउलर यांनी इंग्रजीच्या वापरावरच्या 1926च्या आपल्या कोशात ती वाटणी सुचवली, पण बहुतेक लेखक ती पाळत नाहीत हेही त्यांनीच मान्य केलं. स्वल्पविरामापाठोपाठ ‘दॅट’ सहसा येत नाही, एवढं सांगितलं तरी शाळेपुरतं झालं. वाचलेला वेळ एका प्रश्नाला द्यावा: वाक्य तेच ठेवून स्वल्पविराम काढले, तर भाऊ किती?