कृत्तकीकरण, प्राण्यांचे

नर-मादीच्या संयोगाशिवाय, एकाच प्राण्याच्या आनुवंशिक द्रव्यापासून त्याच आनुवंशिक घडणीचा दुसरा प्राणी निर्माण करण्याची क्रिया. व्यवहारात तिला ‘क्लोनिंग’ आणि अशा प्राण्याला ‘कृत्तक’ किंवा ‘क्लोन’ म्हणतात. उसाच्या कांडीपासून वाढलेला ऊस हा मूळ उसाचा कृत्तकच होय. सस्तन प्राण्यांत मात्र शरीराच्या तुकड्यापासून नवा प्राणी वाढत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील प्रक्रिया आवश्यक ठरते.

पद्धती : मादीच्या अंडकोशिकेतील (अंडपेशीतील) केंद्रक काढून टाकतात व तिचा संयोग मूळ प्राण्याच्या त्वचा इ. भागांतील कोशिकेशी घडवून आणतात. त्यातून वाढू लागलेला भ्रूण दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवतात. स्कॉटलंडमधील रॉझ्लिन संस्थेत इअन विल्मट, कीथ कँबेल व सहकाऱ्यांनी प्रौढ मेंढीच्या स्तनग्रंथीतील कोशिका वापरून ‘डॉली’ ही मेंढी जन्मास आणली (५ जुलै १९९६). अशा २७७ संयोगांतून हे एकच कोकरू हाती आले. भारतात कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये जन्मलेले म्हशीचे पहिले कृत्तक रेडकू काही दिवसांतच दगावले. त्याच वर्षी जूनमध्ये जन्मलेली ‘गरिमा’ सु. दोन वर्षे जगली. त्याच संस्थेत मार्च २०२३ मध्ये गीर जातीची ‘गंगा’ ही कृत्तक कालवड जन्मली. तिच्यासाठी कोशिका गीर गाईची, अंडकोशिका साहिवाल गाईची आणि गर्भाशय संकरित गाईचे होते.

गैरसमज : कृत्रिम वीर्यसेचन (रेतन) म्हणजे कृत्तकीकरण नव्हे. वीर्यसेचनाने झालेल्या वासरात वळूचा व गाईचा आनुवंशिक वाटा जवळजवळ निम्मा-निम्मा असतो. कृत्तक प्रौढ रूपात अवतरत नाही. ते वासरू म्हणूनच जन्मते आणि मूळ प्राण्याचे वय, सराव वा स्मृती त्याच्यात उतरत नाहीत. बाह्य रूपही तंतोतंत जुळेलच असे नाही. अमेरिकेत २००१ मध्ये जन्मलेल्या पहिल्या कृत्तक मांजरीच्या अंगावरील रंग मूळ मांजरीपेक्षा वेगळे होते.

गोवंश व कृत्तकीकरण : सांगली जिल्ह्यातील विटा (खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण) व लगतचा आटपाडीचा परिसर खिल्लार गोवंशाच्या पैदाशीच्या टापूत मोडतो. आटपाडी तालुक्यातील खरसुंडीची यात्रा खिल्लार जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. औताच्या खच्ची केलेल्या बैलापासून संतती मिळत नाही. त्याच्या त्वचेतील कोशिकेपासून कृत्तक मिळविणे मात्र तत्त्वतः शक्य आहे. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिल्यानंतर नामांकित बैलाच्या संदर्भात हा विचार विशेष आकर्षक वाटण्याजोगा आहे. तथापि चपळता व ताकद ही आनुवंशिकतेइतकीच वैरण, निगा व सराव यांवर अवलंबून असल्याने कृत्तकाच्या कामगिरीची हमी देता येत नाही.

कृत्तकीकरणाने एखादे गुणी जनावर जतन करता येईल. गोवंश सुधारेलच असे नाही. सुधारणा निवडीतून होते आणि निवडीसाठी भिन्न गुणांची जनावरे लागतात. मोजक्याच जनावरांच्या प्रतिकृतींचा पैदाशीसाठी सर्रास वापर झाल्यास ही विविधता घटते व एकाच रोगाला पुष्कळ जनावरे बळी पडण्याचा धोका वाढतो. म्हणून चांगले वळू सांभाळणे व त्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणे यांचे महत्त्व कृत्तकीकरणामुळे कमी होत नाही.